सांगाडा बाईचा की पुरुषाचा?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

आपल्याकडच्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या दारावर एक पाटी असते : ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.’ ती तिथे असलीच पाहिजे. असा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. त्या पाटीसाठी ज्यांनी रस्त्यावर उतरून भांडण केलं, त्यांच्यातले काही जण आज इथे बसलेले मला दिसतायत. त्यांना आधी नमस्कार. त्याच इमारतीत, दोन दारं पलीकडे, सीटी स्कॅनचं मशीन असतं. तिथे कधीतरी रात्री उशिरा पोलिसांचं सीलबंद बोचकं येतं आणि सोबतच्या पत्रात पहिला प्रश्न असतो : स्त्री की पुरुष? जन्माआधी हा प्रश्न विचारणं गुन्हा आहे, आणि मृत्यूनंतर तो विचारलाच नाही तर त्या माणसाची ओळख पटत नाही. मी बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

पहिला प्रश्न हाच का? कारण बाकी सगळी गणितं त्याच्यावर अवलंबून असतात. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढायची, तर बाईचं सूत्र वेगळं आणि पुरुषाचं वेगळं. वयाच्या खुणाही दोघांत थोड्या वेगळ्या उमटतात. आणि पोलिसांच्या दृष्टीने बघा, मिसिंगची यादी एका उत्तरात निम्मी होते. उत्तर चुकलं तर ज्या अर्ध्या यादीत तो माणूस आहे, तीच बाजूला पडते.

माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो, पुढे वेळ मिळाला नाही तर राहून जायला नको. आपल्या माणसांच्या हाडांची मोजपट्टी आपल्याकडे नाही. ती तयार करायला लागणारा सगळा माल आपल्याच रुग्णालयांत रोज तयार होतो आणि बहुतेक ठिकाणी पुसला जातो. हे थांबवता येईल, तेही फारसा खर्च न करता. कसं, तिकडे येतोच. पण त्याआधी मला तुम्हाला वेल्समधल्या एका गुहेत न्यायचं आहे, कारण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलताच येत नाही.

१८२३ साल. दक्षिण वेल्सच्या समुद्रकाठी, गोअर नावाच्या भागात पॅविलंड इथे एक गुहा आहे. तिथे विल्यम बकलंड पोचले. ऑक्सफर्डचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, शिवाय धर्मोपदेशक. विलक्षण माणूस! प्राणिसृष्टीतला प्रत्येक जीव खाऊन बघायचा त्यांनी चंग बांधला होता. असो, जेवणाचा विषय नको. गुहेत त्यांना अर्धामुर्धा सांगाडा मिळाला. कवटी नव्हतीच. हाडं गेरूने लालभडक रंगलेली. बरगड्यांजवळ हस्तिदंताच्या कांड्या आणि कड्यांचे तुकडे, मांडीजवळ लहान लहान शिंपल्यांचा पुंजका.

बकलंड यांना आधी वाटलं, हा जकात खात्याचा शिपाई असावा, चोरट्या व्यापाऱ्यांनी मारून इथे टाकलेला. म्हणजे पहिला अंदाज पुरुषाचाच होता! पण मग त्यांची नजर हस्तिदंतावर, शिंपल्यांवर आणि त्या लाल रंगावर खिळली. एवढे दागिने म्हणजे बाईच. गुहेच्या वर टेकडीवर जुन्या छावणीच्या खुणा होत्या, मग ही बाई छावणीतल्या लोकांच्या आश्रयाने राहत असेल. काळ कोणता? रोमन. बायबलातल्या महापुरापेक्षा जुना माणूस इथे असू शकतो, हे त्यांच्या श्रद्धेत बसणारं नव्हतं. झालं, ‘पॅविलंडची लाल बाई’ जन्माला आली. तिचा पेशा, तिचं चारित्र्य, तिचा काळ, सगळं ठरलं. आणि हे सगळं त्या वस्तूंवरून, हाडांनी त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलस नावाच्या दुसऱ्या ऑक्सफर्डच्याच प्राध्यापकांनी तिथे पुन्हा खणलं, हाडं नीट पाहिली, आणि निघाला तो तरुण पुरुष. पुढे काळ मोजला गेला तो तेहेतीस-चौतीस हजार वर्षांपूर्वीचा. रोम वसायला तीस हजार वर्षं अवकाश होता! आज तो सांगाडा ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे, आणि लोक त्याला अजूनही ‘लाल बाई’च म्हणतात. एकदा चिकटलेलं नाव दोनशे वर्षं निघत नाही.

याच्या उलटीही गोष्ट आहे. स्वीडनमधल्या बिर्का इथे १८७८ मध्ये एक थडगं उघडलं. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन घोडे, शेजारी सोंगट्या. अर्थातच ‘शूर योद्धा पुरुष’. शंभराहून अधिक वर्षं हेच पाठ्यपुस्तकांत राहिलं. हाडांच्या तज्ज्ञांनी पुन्हा पाहिलं तेव्हा कटीर, म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं, बाईचं वाटलं, पण लोक ऐकेनात. शेवटी २०१७ मध्ये डीएनएने बाईच असल्याचं दाखवलं. तिथे कटीर बघूनही लोकांना तलवारच पटत होती, यातच काय ते आलं.

तुम्ही म्हणाल, हे युरोपातलं, जुनं. म्हणून आपल्याकडचं सांगतो. गाव, तालुका, ठाणं काही सांगणार नाही. एका कोरड्या विहिरीतला गाळ उपसताना हाडं सापडली. बारदानात भरून, लाखेचं सील लावून आमच्याकडे आली. पत्रात लिहिलं होतं : ‘अनोळखी स्त्री जातीचा सांगाडा.’ तपासणी व्हायच्या आधी! कारण काय, तर गाळात हाडांबरोबर हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले होते. पंचनाम्यात तुकड्यांची मोजदाद होती, हाडांची नव्हती. आणि त्या पत्राच्या आधारावर परिसरातल्या हरवलेल्या बायकांच्या घरी चौकश्या सुरू झालेल्या. एका म्हाताऱ्या आईला ठाण्यात बोलावून त्या बांगड्या ओळखायला लावल्या होत्या. हिरवी बांगडी! महाराष्ट्रात कोणती आई म्हणेल, की माझ्या लेकीच्या हातात हिरवी बांगडी नव्हती?

इथे बसलेल्या बायाबापड्यांना मी न सांगताही कळलं असेल. विहिरीवर साती आसरा असतात. त्यांची ओटी भरतात, हिरव्या बांगड्या वाहतात. ती विहीर कोरडी पडायच्या आधी कित्येक वर्षं गावातल्या बायका तिथे बांगड्या सोडत होत्या. हे गावात कोणत्याही आजीला विचारलं असतं तरी समजलं असतं. कागद करणाऱ्याने विचारलं नाही. मला याचा आजही राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

मग आम्ही काय केलं? कटिराचा डावा भाग चिखलाच्या गोळ्यात घट्ट बसलेला होता, जघनास्थीसकट. जघनास्थी म्हणजे ओटीपोटाच्या अगदी खाली, पुढच्या बाजूला दोन हाडं जिथे मिळतात ती जागा. स्त्री-पुरुष ओळखायला सगळ्यांत भरवशाची, आणि नेमकी सगळ्यांत नाजूक. पाण्यात भिजवून काढायला जावं तर भुगा होतो. म्हणून गोळा तसाच, सीलबंद पिशवीत, स्पंजवर ठेवून सीटीच्या टेबलावर चढवला. दिवसभर जिवंत पेशंट असतात, त्यामुळे हे काम रात्रीच करायचं. तंत्रज्ञ मुलगा जरा बिचकला होता, पण पिशवी किती हळू सरकवली त्याने! लहान बाळाला हलवावं तसं.

सीटी काय करतो, ते थोडक्यात. हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने हे यंत्र बनवलं, १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र निघालं, १९७९ मध्ये नोबेल मिळालं. साध्या एक्स-रेत सगळं एकावर एक पडतं. सीटी वस्तूच्या आडव्या चकत्या दाखवतो आणि प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा देतो. हवा उणे एक हजार, पाणी शून्य, कठीण हाड हजाराच्या पुढे. मग संगणकाला सांगायचं, अमुक आकड्याखालचं सगळं पुसून टाक. माती निघून जाते, हाड उरतं. निदान पुस्तकात असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात वाळलेली चिकण माती आणि झिजलेलं हाड यांचे आकडे एकमेकांत घुसतात, आणि मग माउस हातात धरून एकेक चकती हाताने सोडवत बसावं लागतं. पहाटेपर्यंत तेच चाललं होतं. हळूहळू पडद्यावर हाड मोकळं झालं. गोळा मात्र जसाच्या तसा, एक कणही न हलता.

आणि काय दिसलं? कटिराच्या मागच्या बाजूला एक खाच असते, पायाकडे जाणारी जाड नस तिथून उतरते. बाईत ती पसरट असते. ही अरुंद होती, आकड्यासारखी वळलेली. जघनास्थीच्या पुढच्या पृष्ठावर बायकांत एक बारीक तिरका कंगोरा असतो, तो नव्हता. खालची कड बाईत आत वळलेली, बाकदार असते. ही सरळ, जाड. याच डाव्या भागाची आरशातल्यासारखी उलटी प्रत उजवीकडे जोडली आणि दोन हाडांमधला कोन मोजला, तोही अरुंद. पुरुष. कोणतीही शंका नव्हती. पुढे दात आणि डीएनए यांवरून ओळख पटली. ती कहाणी त्या घराची आहे, मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगतो, की त्या घरच्यांनी मुलगा हरवल्याची तक्रार सुरुवातीलाच दिलेली होती. ती दुसऱ्या अर्ध्या यादीत होती.

कटिरातच फरक का, हे शाळेतल्या मुलांनाही समजेल. बाळाचं डोकं त्या वाटेने बाहेर पडायचं असतं. म्हणून वाट रुंद, कोन मोठा. वयात येईपर्यंत हा फरक नीट उमटत नाही, त्यामुळे लहान मुलाच्या हाडांवरून कोणी छातीठोकपणे मुलगा की मुलगी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आपल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलं, दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आत बाळ. तिथली बहुतांश दफनं अशी लेकरांची आहेत. त्यांच्यात मुली किती, मुलगे किती, हे आकारावरून कळणार नाही, सीटीनेही नाही. तिथे दातांच्या एनॅमलमधली प्रथिनं किंवा डीएनए हवा. आणि डीएनएचं आपल्या हवेत काय होतं, ते हरियाणातल्या राखीगढीने, हडप्पा संस्कृतीच्या त्या जुन्या नगराने, दाखवलंय. डेक्कन कॉलेजच्याच वसंत शिंदे यांच्या चमूने तिथल्या साठाहून अधिक नमुन्यांवर प्रयत्न केले, उपयोगी डीएनए एकाच व्यक्तीकडून मिळाला. ती बाई होती. २०१९ मध्ये तो शोधनिबंध आला. त्याच राखीगढीच्या दोन कवट्यांचे सीटी काढून चेहरे उभे केले गेले, तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिले असतील. उष्ण देशात हाडाचा आकार टिकतो, रेणू टिकत नाहीत. म्हणून आपल्याला आकार वाचण्याचं शास्त्र इतर कोणाहीपेक्षा जास्त लागणार आहे.

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवा असं मात्र मी म्हणत नाही. वॉर्सा विद्यापीठाकडे १८२६ पासून एक इजिप्शियन ममी आहे. पेटीवर नाव पुरुष पुरोहिताचं. सीटी काढला तर आत बाई! इथवर उत्तम. मग २०२१ मध्ये जाहीर झालं, की ती गरोदर आहे. जगभर बातम्या. आणि लगेच इतर तज्ज्ञ उठले, की पोटात दिसतंय ते बाळ नव्हे, ममी करताना भरलेली पुरचुंडी असावी. चित्र तेच, डोळे वेगळे. १८९५ च्या डिसेंबरात एक्स-रेचा शोध लावणाऱ्या राँटजेन यांनी पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढला, तो आठवा. आपण सगळे त्याला ‘बाईचा हात’ म्हणतो, कारण बोटात अंगठी दिसते. ती झाका आणि नुसत्या बोटांच्या हाडांवरून छातीठोकपणे सांगा बरं!

आणि एक पूर्वग्रह तर शास्त्रज्ञांच्या डोळ्यांतलाच. केनेथ वाइस या मानवशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये जगभरच्या उत्खननांचे अहवाल तपासले, तेव्हा पुरुषांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी फुगलेलं आढळलं. हाड मध्यम दिसलं, संशय आला, की लिहा पुरुष. इतिहासातून बायका अशाही गाळल्या जातात.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा तर पुढेच आहे. भरभर सांगतो.

जघनास्थीच्या ज्या तीन खुणा मी मघाशी पाहिल्या, त्या फेनिस या हाडांच्या अभ्यासकांनी १९६९ मध्ये मांडल्या. कशावरून? अमेरिकेतल्या टेरी संग्रहातल्या, म्हणजे लिंग आणि वय नोंदवून जपलेल्या सांगाड्यांच्या संग्रहातल्या, २७५ सांगाड्यांवरून. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा व्यास ४७.५ मिलिमीटरपेक्षा मोठा तर पुरुष, ४२.५ पेक्षा लहान तर बाई, ही स्टुअर्ट यांची मोजपट्टीही अमेरिकेतली. ती वापरून आपल्याकडचा सडपातळ, बुटका शेतमजूर मोजा. सरासरीने आपली हाडं लहान. तो ‘बाई’ ठरू शकतो किंवा मधल्या करड्या पट्ट्यात अडकतो. खुणा सगळीकडे बऱ्याच अंशी चालतात, मोजमापं चालत नाहीत. आता संगणकाला लाखो चित्रं दाखवून शिकवण्याचं युग आलं आहे. तोही ज्यांची हाडं पाहून शिकला, त्यांनाच नीट ओळखतो.

मग आपल्याकडे असा संग्रह का नाही? दुःखाची गोष्ट अशी, की जगातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना सांगाडे पुरवणारा देश कैक दशकं भारतच होता. १९८५ मध्ये निर्यातबंदी आली. गरिबांची ती हाडं देशोदेशी गेली, नाव नाही, वय नाही, गाव नाही, स्त्री-पुरुष अशी नोंदही नाही. शास्त्राला त्यांचा जो सर्वांत मोठा उपयोग झाला असता, तोच निनावीपणाने घालवला.

आता हाडांची गरज नाही. इथे मुतखड्यासाठी सीटी कोणी कोणी काढलाय? हात वर करा. पाहा, अर्धं सभागृह! (हशा) त्या तपासणीत मूत्रपिंडापासून मूत्राशयाच्या खालपर्यंतचा भाग येतो. म्हणजे जवळपास अख्खं कटीर, तेही माणसाचं लिंग, वय, जिल्हा ठाऊक असताना. मशीन त्याच्या एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ चकत्या बनवतं. डॉक्टरला मुतखडा पाहायला पाच मिलिमीटरच्या पुरतात, म्हणून साठवणीत जाड चकत्या जातात आणि पातळ काही दिवसांत पुसल्या जातात. तो जो बारीक कंगोरा मी सांगितला, तो पाच मिलिमीटरच्या चकतीत विरून जातो. आपली मोजपट्टी अशी रोज रात्री पुसली जाते आहे!

करायचं एवढंच. रुग्णाच्या संमतिपत्रात एक जादा ओळ : माझं नाव, पत्ता, क्रमांक काढून टाकून ही चित्रं संशोधनाला वापरायला हरकत नाही. हो म्हणायची सक्ती नाही, नंतर मागे घेण्याची मुभा आहे. पातळ चकत्या जपायच्या. नावं पुसायची, २०२३ चा माहितीसुरक्षेचा कायदा आहेच, तो पाळायचा. नीतिसमितीची परवानगी घ्यायची. आणि हे फार महत्त्वाचं, या कामासाठी कोणाच्याही अंगावर एक जादा किरण पडता कामा नये. आजारासाठी जे निघालं तेच वापरायचं. विदर्भ, कोकण, मराठवाडा, खानदेश, प्रत्येक भागातली दोन-तीन रुग्णालयं एकत्र आली तरी आपल्या माणसांची मोजपट्टी उभी राहील.

शेवटचं, अहवालाबद्दल. फ्रान्समधल्या संशोधकांनी कटिराच्या मापांवरून लिंग ठरवण्याची एक पद्धत बनवली आहे, त्यात संभाव्यता ९५ टक्क्यांच्या खाली गेली तर ती उत्तर द्यायचं नाकारते. आपल्या छापील तक्त्यात ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ एवढेच दोन चौकोन असतात. तिसरा हवा, ‘या हाडांवरून ठरवता येत नाही’ असा, आणि तो भरणाऱ्या डॉक्टरला न्यायालयात कमीपणा येऊ नये. आणि पोलिसांच्या पत्रात तपासणीआधी ‘स्त्री जातीचा’ लिहिणं बंद व्हावं; ‘मानवी सांगाडा, अनोळखी’ एवढं पुरे.

संमतिपत्रातल्या त्या ओळीचा मसुदा मराठीत करून आणला आहे, बाहेर पुस्तकांच्या टेबलावर त्याच्या प्रती आहेत. ज्यांची रुग्णालयं आहेत, ज्यांच्या घरात रेडिऑलॉजिस्ट आहे, त्यांनी एकेक न्यावी, आणि शब्द खटकले तर दुरुस्त करून मला पाठवावी.